परसात आलेला अनोळखी पक्षी

(कडा येथे प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेले भाषण)



परिसर अभ्यासाच्या अध्यापनाविषयी आपणांपुढे चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली, तेव्हा एखादा व्यापक विषय घेऊन त्याचे शास्त्रोक्त विवेचन करावे, असा मोह मला क्षणभर झाला. परंतु तसे विवेचन आपणांस पुस्तकांतूनही मिळेल. म्हणून आज मी केवळ एका लहानशा प्रसंगाची हकीकत सांगणार आहे. तो प्रसंग येथेच, कड्यात, माझ्या राहत्या घराच्या परसात घडला. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक चौथीच्या वर्गातील एका मुलीने माझ्या निदर्शनास आणली. स्वतःची चूक चारचौघांत सांगणे सुखाचे नसते. तथापि, आपण सारे एकाच व्यवसायातील माणसे असल्यामुळे मला संकोच वाटत नाही.

माझ्या परसात एक जुना कडुनिंब आहे, कुंपणाशी दोन शेवगे आहेत आणि भिंतीपलीकडे शेजारच्या आजींचे कोंबड्यांचे खुराडे आहे. पोळा नुकताच होऊन गेला होता. सप्टेंबरचा पहिला आठवडा असावा. सकाळी मी दात घासत उभा असता, एरवी कलकलाट करणाऱ्या साळुंक्या व बुलबुल एकाएकी गप्प झाले. खोडाला चिकटून बसलेली खार मात्र शेपटी झटकीत सारखी ओरडत होती. मी वर पाहिले. निंबाच्या आडव्या फांदीवर पारव्याएवढा एक शिकारी पक्षी ताठ बसला होता. पाठ तपकिरी, पोट पांढुरके व त्यावर तपकिरी खुणा, डोळे पिवळे, शेपटी लांब व तिच्यावर गडद पट्टे. पाचएक मिनिटे तो निश्चल राहिला. मग खाली झेप घेऊन त्याने भिंतीवरचा सरडा उचलला आणि तो दिसेनासा झाला. त्यानंतर सलग आठ दिवस तो त्याच सुमारास येत राहिला.

हा हा म्हणता आळीत त्याची चर्चा सुरू झाली. मुले म्हणाली, ‘‘घार आहे.’’ मेंढरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘बहिरी ससाणा आहे, दुसरा कोणी असायचा नाही.’’ आजींची कोंबडीची दोन पिल्ले त्याच आठवड्यात नाहीशी झाली होती. त्यांना पक्ष्याच्या नावाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी त्याला ‘चोर’ ठरविले होते आणि त्यांचा नातू गलोल घेऊन परसात दबा धरून बसू लागला होता. तात्पर्य, या पक्ष्याचे नाव काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नव्हता. त्यावर त्या पक्ष्याचे जगणे-मरणे अवलंबून होते.

मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले व घरातील पुस्तक उघडले. एका पानावर मला तसाच पक्षी दिसला. तो होता बाशा. उत्तरेकडील थंड प्रदेशातून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा, चिमण्या-पाखरांची शिकार करणारा हा पक्षी. इतक्या दूरचा पाहुणा आपल्या परसात उतरला, या कल्पनेने मी हरखून गेलो. त्याच दिवशी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘आपल्या गावात बाशा आला.’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तो कोठून येतो, केव्हा येतो, काय खातो, हे सर्व मी मोठ्या उत्साहाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, बाशा थंडीत येतो असं तुम्हीच सांगितलं. आता तर पाऊस चालू आहे. मग तो आत्ताच कसा आला?’’

मी काय उत्तर द्यावे? मी म्हणालो, ‘‘खाली बस.’’

बंधुभगिनींनो, या दोन शब्दांसाठीच मी आज येथे उभा आहे. हे शब्द आपणां सर्वांच्या जिभेवर असतात. प्रश्न चुकीचा असतो म्हणून आपण ते उच्चारतो, असे नाही. पुष्कळदा प्रश्न बरोबर असतो म्हणूनच उच्चारतो. त्या रात्री मला स्वस्थता लाभली नाही. मी पुन्हा छायाचित्र काढून पाहिले. या वेळी मात्र पुस्तकातील चित्राशी जुळणाऱ्या गोष्टी न शोधता, न जुळणाऱ्या गोष्टी शोधू लागलो.

पहिली विसंगती त्या मुलीने दाखविलेलीच होती. बाशा साधारणतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आपल्याकडे असतो. सप्टेंबरच्या आरंभी, झडीच्या दिवसांत, तो कड्यात असण्याचा संभव फार थोडा. दुसरी विसंगती छातीवरील खुणांची. बाशा लहान असो वा मोठा, त्याच्या छाती-पोटावर आडव्या रेघा असतात. माझ्या पक्ष्याच्या छातीवर थेंबांसारख्या उभ्या खुणा होत्या; आडव्या रेघा केवळ कुशीकडे होत्या. तिसरी गोष्ट गळ्याची. पांढऱ्या गळ्याच्या मधोमध एक काळसर उभी रेघ स्पष्ट दिसत होती. बाशाच्या गळ्यावर ती नसते. छायाचित्रात या दोन्ही खुणा पहिल्या दिवसापासून होत्या. मी त्या पाहिल्या नव्हत्या, कारण मला जे नाव हवे होते ते आधीच मिळाले होते.

मग हा पक्षी कोण? हा होता शिक्रा. आपल्या गावाशिवारात बारा महिने राहणारा, अगदी नेहमीचा शिक्रा. शिकारी या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आले आहे. आपण जो शिक्रा पाहतो, त्याची पाठ राखी-निळसर, पोट पांढरे व त्यावर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा असतात. प्रौढ नराचे डोळे तांबडे असतात. परंतु हे झाले मोठ्या पक्ष्याचे रूप. मार्च ते जून या काळात आंबा, कडुनिंब यांसारख्या झाडांवर शिक्र्याची घरटी असतात आणि पावसाळ्यात त्यांतील पिल्ले स्वतंत्रपणे हिंडू लागतात. त्या पिल्लांचा वेष निराळा : पाठ तपकिरी, डोळे पिवळे, छातीवर उभे थेंब आणि गळ्यावर ती रेघ. माझ्या परसात आलेला दूरदेशीचा पाहुणा वस्तुतः आपल्याच शिवारात जन्मलेले, शिकार शिकत असलेले पोर होते. अनोळखी वाटला, तो पक्षी दुर्मिळ होता म्हणून नव्हे. आपल्या रोजच्या पक्ष्याचे बालपण मी कधी पाहिले नव्हते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा तेच वाक्य लिहिले व मुलांसमक्ष ते खोडले. त्या मुलीला पुढे बोलावून, तिचा प्रश्न बरोबर होता व माझे उत्तर चूक होते, असे सांगितले. वर्गात थोडी कुजबुज झाली. गुरुजींचा मान कमी होईल अशी जी भीती मला वाटली होती, ती व्यर्थ ठरली. उलट, त्या दिवसापासून मुले मला अधिक प्रश्न विचारू लागली.

आता इतरांच्या मतांचाही विचार करू. मुलांनी त्याला घार म्हटले. घार याहून पुष्कळ मोठी असते व तिच्या शेपटीला टोकाशी खाच असते. त्या वृद्ध गृहस्थांनी बहिरी म्हटले. बहिरी ससाण्याचे डोळे काळेभोर, पंख लांब व टोकदार असतात. शिक्र्याचे पंख आखूड व टोकाशी गोलसर, आणि शेपटी लांब, कारण त्याला झाडाझुडपांतून वळणे घेत शिकार करावयाची असते. आपण मराठीत या साऱ्यांना सरसकट ‘ससाणा’ म्हणतो. परंतु 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासावरून असे दिसून आले, की बहिरीसारखे ससाणे हे शिक्रा, घार, गरुड यांच्यापेक्षा पोपटांना व चिमणीसारख्या पक्ष्यांना अधिक जवळचे आहेत. चोच वाकडी व नखे तीक्ष्ण म्हणून दोघे एका कुळातले, असे समजणे किती फसवे असते, ते यावरून ध्यानात येईल.

आणखी एक गंमत सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाशी ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ओरडणारा पावशा आपण ऐकतो. तो कोकिळेच्या कुळातला; परंतु त्याचा रंग, शेपटीवरील पट्टे व उडण्याची ढब शिक्र्याशी इतकी जुळते, की लहान पक्षी त्याला पाहूनही घाबरतात. त्याचे पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखेच दिसते. भेद पाहावयाचा तो चोचीत : पावशाची चोच शिकारी पक्ष्यासारखी आकडेदार नसते. पाखरे फसतात, तेथे आपण फसलो तर त्यात लाज कसली? लाज आहे ती फसल्याचे कळल्यावरही नाव न बदलण्यात.

आजींचा प्रश्न मात्र केवळ नाव कळल्याने सुटणारा नव्हता. ‘शिक्रा पिल्लांना हात लावीत नाही’ असे मी त्यांना सांगितले असते, तर ते दुसरे असत्य झाले असते. शिक्रा प्रसंगी कोंबडीचे लहान पिल्लू उचलतो. पण त्याचा मुख्य आहार सरडे, उंदीर, नाकतोडे व लहान पाखरे हाच होय. आठ दिवसांत मी त्याला दोन सरडे व एक उंदीर नेताना पाहिले. कोंबडीचे पिल्लू नेताना एकदाही पाहिले नाही. ते कोणी नेले हे मला ठाऊक नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पिल्ले मोठी होईपर्यंत सकाळच्या वेळी डालग्याखाली डालून ठेवावीत, एवढी विनंती केली. शिकारी पक्ष्यांना मारणे, पकडणे, त्यांची अंडी-पिल्ले काढणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही नातवाच्या कानावर घातले. आजी म्हणाल्या, ‘‘गुरुजी, उंदीर नेला म्हणता, ते बरं केलं त्यानं, कणगी पोखरून टाकली होती मेल्यांनी.’’ गलोल खुंटीला टांगली गेली.

नावाच्या चुकीने एक पाखरू मेले असते; पण शास्त्राच्या मोठ्या व्यवहारातही अशी चूक किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. खानदेशात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने 1884 च्या सुमारास तेथे त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे तो पक्षी कोणासच मिळेना. मात्र रिचर्ड माइनर्त्सहागेन या प्रसिद्ध संग्राहकाच्या संग्रहात, 1914 साली गुजरातेत मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. नंतर संशोधकांनी बारकाईने तपासले, तेव्हा तो मूळचा डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती चिठ्ठी बाजूस सारून पामेला रॅसमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांचा शोध घेतला. आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनी, शहाद्याजवळ तो पक्षी दिसला. एका खोट्या चिठ्ठीने इतकी वर्षे दिशाभूल केली! माझी चूक खोटेपणाची नव्हती, घाईची होती. परंतु वहीत लिहिलेले चुकीचे नाव वाचणाऱ्याला दोन्हींत काय फरक?

याउलट, ‘मला ठाऊक नाही’ या शब्दांतून काय निपजू शकते, तेही पाहा. मुंबईत एका लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मुलाने मामांना विचारले, ही कोणती चिमणी? मामा, अमीरुद्दीन तय्यबजी, यांना ते सांगता आले नाही. त्यांनी त्याला ‘खाली बस’ म्हटले नाही. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे त्याला पाठविले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्या मुलापुढे उघडला. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. एका वडीलधाऱ्या माणसाने आपल्याला उत्तर ठाऊक नसल्याचे मान्य केले, तेथून त्या वाटेचा आरंभ झाला.

आता शाळेत प्रत्यक्ष काय करावयाचे, ते थोडक्यात सांगतो. शंभर पानी एक वही घ्यावी व तीत पुढील रकाने आखावेत.

(1) दिनांक, वेळ व ठिकाण. हा रकाना क्षुल्लक वाटतो. परंतु माझी चूक उघडकीस आली ती ऋतूच्या साध्या विचारामुळे.

(2) आकार. चिमणी, साळुंकी, पारवा, कावळा, घार या पाच परिचित पक्ष्यांशी तुलना करून लिहावा. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते, हे लक्षात ठेवावे.

(3) घडण. पंख टोकदार की गोलसर, शेपटी लांब की आखूड, टोकाशी सरळ की खाचेची.

(4) रंग व खुणा. डोळ्यांचा रंग, गळा, छाती, शेपटी. रेघा उभ्या की आडव्या. साधे चित्र काढून त्यात खुणा दाखवाव्यात. हात सुबक नसला तरी चालेल.

(5) वर्तन. कसा उडाला, काय खाल्ले, इतर पाखरांनी काय केले. कापशी व खरुची हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबतात; शिक्रा दाट पानांत लपून झडप घालतो. एवढ्यावरूनही अर्धा निर्णय होतो.

(6) नाव. हा रकाना शेवटी ठेवावा, आणि तो पेन्सिलीनेच भरावा. खात्री नसल्यास मोकळा सोडावा. मोकळा रकाना हे अज्ञानाचे चिन्ह नसून प्रामाणिकपणाचे आहे, असे मुलांना आवर्जून सांगावे.

मोबाइलमधील एखादे साधन छायाचित्रावरून क्षणात नाव सांगते, हे मला ठाऊक आहे. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु तोही एक तर्कच समजावा आणि पहिल्या पाच रकान्यांशी ताडून पाहावा. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ उपयोगी पडतो. चितमपल्ली यांचा जन्मदिन 5 नोव्हेंबर व सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात प्रभातफेरी व घोषणा होतीलच. त्यांच्या जोडीला ही वही सुरू झाली, तर सप्ताह संपल्यावरही काही शिल्लक राहील. शाळेच्या परसबागेत वांगी-टोमॅटो मोजणारी मुले तेथे येणारी पाखरेही टिपून ठेवू शकतील.

शेवटी त्या मुलीविषयी एक गोष्ट सांगून मी थांबतो. आपल्या तालुक्यातील कित्येक कुटुंबांप्रमाणे तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडणीला जातात. त्या वर्षी तीही त्यांच्याबरोबर गेली. निघताना मी तिला एक कोरी वही व पेन्सिल दिली. पाडव्याच्या सुमारास ती परत आली. अभ्यास बुडाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. गणिताची उजळणी करून घेण्यास आम्हांला बरेच दिवस लागले. परंतु वहीची अकरा पाने भरलेली होती. एका पानावर लिहिले होते : ‘कोप्यांच्या मागं, उसाच्या तोडलेल्या रानावर. सकाळ. घारीपेक्षा लहान, बारीक. जमिनीलगत उडतो, वर चढत नाही. पाठीवर शेपटीपाशी पांढरा पट्टा.’ शेजारी चित्र होते. नावाच्या रकान्यात काहीही नव्हते.

ते वर्णन वाचताच तो भोवत्या असावा, असे मला वाटले. हिवाळ्यात माळरानावर व शेतांवर घिरट्या घालणारा हा पाहुणा आहे. पण भोवत्यांच्या जाती अनेक आणि त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या. जाणकारांनाही त्या दुरून निश्चित सांगता येत नाहीत. म्हणून मी तिच्याकडून पेन्सिल घेतली आणि त्या रकान्यात ‘भोवत्या, जात ठरलेली नाही’ एवढेच लिहिले. तिने ते वाचले व विचारले, ‘‘गुरुजी, मग पुढच्या वेळी काय बघू?’’

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असा प्रश्न विचारणारे एखादे मूल आहे. कदाचित ते या क्षणी खाली बसलेले असेल. उद्या शाळेत गेल्यावर त्याला उभे राहू द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.